धागेकाकांची केबल

धागेकाका तार तपासायचे ती डोळे मिटून. नागपुरातल्या सदर भागातल्या आमच्या ऑफिसात काही बंद पडलं की आम्ही शिकलेसवरलेले लोक आधी पडद्याकडे बघायचो, मग जाडजूड मॅन्युअलकडे, मग एकमेकांकडे. काका येऊन जमिनीवर मांडी घालायचे, तारेचं एक टोक हातात घ्यायचे आणि अंगठा अन् तर्जनीच्या चिमटीतून ती सगळी तार हळूहळू सरकवत न्यायचे. मध्येच कुठेतरी बोटं थांबायची. "इथी हाय," म्हणायचे. तिथे कापून बघावं तर आत तांब्याचा एखादा केस तुटलेला असायचाच. मी नवीन होते, न राहवून एकदा विचारलं, "काका, डोळे कशाला मिटता?"

"डोये घाई करते माय," ते म्हणाले. "बोटाले घाई नसते."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. काटोलकडच्या संत्र्यांच्या बागा, त्यातले बांध आणि विहिरी यांचे हातानं काढलेले जुने नकाशे कॉम्प्युटरवर चढवायचं काम आमची कंपनी करायची. काचेच्या गार खोलीत एकच मोठं मशीन, त्यावर युनिक्स नावाची प्रणाली, आणि त्याला लांब तारांनी जोडलेली सहा टर्मिनलं बाहेर हॉलमध्ये. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. डोकं सगळं काचेच्या खोलीत. धूळ जाऊ नये म्हणून त्या खोलीबाहेर चपला काढायचा नियम होता. आम्ही नियम म्हणून काढायचो, काका देवळात शिरल्यासारखे काढायचे. आत जाताना मशीनला "कशी हायेस मावशी" असंही विचारायचे. साहेबांना ते आवडत नसे, पण साहेब बाहेरगावी असले की आम्हीही मावशीची विचारपूस करून घ्यायचो.

काकांचं खरं नाव दौलत पराते. ते हजेरीच्या वहीत होतं आणि बहुतेक तिथेच राहिलं. धागेकाका हे नाव पडलं ते त्यांच्या एका सवयीमुळे. त्यांनी बसवलेल्या प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाचा सुती धागा बांधलेला असायचा. मशीनच्या पाठीमागे हिरवा, तर भिंतीपलीकडे वीस हातांवर टर्मिनलच्या पाठीमागेही हिरवाच. आधीच्या लोकांनी कागदाच्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या, त्या पहिल्याच उन्हाळ्यात कूलरच्या ओलीनं गळून पडल्या. काकांचे धागे जागच्या जागी. मी नखानं सोडवून बघितली एक गाठ, दहा मिनिटं खटपट केली, सुटली नाही. काकांनी एका टोकाला हलकेच ओढलं आणि ती सुटली.

"दुसरं टोक कुठी हाय हे माईत नसन," ते म्हणाले, "तं ते तार नोय माय, नुसती दोरी हाय."

गाठ विणकराची होती. काका तांडापेठेतल्या हातमागाच्या घरातले. वडिलांचा माग होता, काकांनीही चाळिशीपर्यंत त्यावर लुगडी विणली. पुढे घेणारे राहिले नाहीत. माग मोडून विकला, पाय सोडून बसायचा मागाखालचा खड्डा विटामातीनं भरून वर सिमेंट केलं, आणि काका पोरांच्या वयाच्या मुलांबरोबर बसून वायरमनचं काम शिकले. "माग विकला तेव्हा रडलात का काका?" असं मी एकदा आगाऊपणानं विचारलं होतं. तेव्हा मला काहीही विचारायची खोड होती. काका चहा बशीत ओतत होते. "नाई," म्हणाले. "खड्डा भरला तवा."

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि तो आम्हा सगळ्यांना जाच वाटायचा. काहीही बिघडलं तरी पहिली पंधरा मिनिटं कुणी कुणाला काही विचारायचं नाही आणि कशाला हात लावायचा नाही. नुसतं बघायचं. बघण्यासाठी त्यांच्याकडे एक साबणाची डबी होती. डबीच्या झाकणाला भोकं पाडून त्यांनी बारीक लाल दिवे बसवले होते. ती दोन तारांच्या मध्ये जोडली की ज्या तारेतून कुणी बोलेल तिचा दिवा लुकलुकायचा. साहेबांच्या कपाटात याच कामाचं इंग्रजी नावाचं महागडं यंत्र होतं, कुलूप लावून ठेवलेलं. काका आपली डबी घेऊन बसायचे. "रोग्याले इचारलं तं तो भलतंच सांगते," म्हणायचे. "पाह्यलं का खरं सांगते."

चारचौघांत ते मला म्याडम म्हणायचे, बाकी वेळी माय. मी चोवीस वर्षांची, त्या हॉलमधली एकटी मुलगी, आणि वर्षभराच्या परीक्षेच्या मुदतीवर घेतलेली. मला माझ्या हुशारीची जरा जास्तच खात्री होती आणि ती जाईल याची त्याहून जास्त भीती. काका रोजंदारीवर होते, कंपनी सुरू झाल्यापासून. त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांना कायम करून घ्यायचा कागद साहेबांच्या टेबलावर गेला होता. एवढी एक सही व्हायची होती. काका त्याबद्दल कुणाशी बोलत नसत, माझ्याशी बोलले. काकू संत्र्यांच्या वखारीत पेट्या भरायला जात. फळ निवडायचं, गवतात ठेवायचं, पेटी ठोकायची, सगळं उभ्यानं.

"कायम झालो का तिले घरी बसवतो," काका म्हणाले. "खूप उभी राह्यली ते. आता बसाव थोडी."

पुढे जे काही झालं ते या एका वाक्यावरून मोजायचं असतं हे मला तेव्हा कळलं नाही.

टर्मिनल एका जागेवरून काढलं की दोन कामं असायची. काकांनी तार काढायची आणि मी मशीनमधल्या यादीतून त्या जागेचं नाव खोडायचं. तार त्यांची, यादी माझी. ही यादी कशासाठी ते सांगायला हवं. मशीनच्या पाठीला तारा खुपसायची जी भोकं होती, त्यांना आम्ही पोर्ट म्हणायचो. प्रत्येक पोर्टवर आतून एक छोटा प्रोग्राम बसलेला असायचा, चौकीदारासारखा. पलीकडून काहीही आलं की त्याचं एकच काम: नाव काय? नाव सांगितलं, परवलीचा शब्द सांगितला की तो आत सोडायचा. यादीतून पोर्टचं नाव खोडलं की चौकीदार उठून जायचा. नाही खोडलं तर बसूनच राहायचा, समोर टर्मिनल असो वा नसो.

त्या शनिवारी माझं टर्मिनल मागच्या खोलीत, दुसऱ्या पोर्टवर हलवलं, कारण माझ्या टेबलावर उंदीर येणार होता. उंदीर म्हणजे माऊस. नागपुरात आमच्यापैकी कुणी तो डोळ्यांनी पाहिला नव्हता. आतापर्यंत नकाशातली प्रत्येक रेघ आम्ही कीबोर्डच्या बाणांनी एकेक टिचकी मारत काढायचो. एका विहिरीचा गोल काढायला अर्धी सकाळ जायची. मशीनला जोडलेला नकाशाचा मोठा पडदा आणि हा उंदीर आला की हातानं रेघ ओढता येणार होती. काकांनी जुनी तार काढली, गुंडाळली आणि काचेतून मला विचारलं, "माय, मशीनले सांगतलं का?"

मी घरी जायच्या घाईत होते. "हो हो काका," म्हटलं आणि पर्स उचलली.

सोमवारी उंदीर आला. साहेबांनी स्वतः खोका उघडला. त्याची शेपटी हातभर, आणि मशीन काचेच्या खोलीत. काकांनी दिवसभर बसून लांब केबल तयार केली, झाळून घेतली, दोन्ही टोकांना पिवळा धागा बांधला आणि मोकळ्या झालेल्या त्या पोर्टात खुपसली. सगळं ऑफिस गोळा झालं. साहेबांनी उंदीर सरकवला. पडद्यावरचा बाण थोडा सरकला, थांबला, मग उडी मारून कोपऱ्यात जाऊन बसला. पुन्हा सरकवला, पुन्हा कोपऱ्यात. मध्येच पाच मिनिटं अगदी शहाण्यासारखा चालला, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि परत कोपऱ्यात.

कधी चालतो, कधी चालत नाही, म्हणजे कनेक्शन सैल. हे सांगायला इंजिनिअर लागत नाही, आणि आम्ही सगळे इंजिनिअर तेच सांगत होतो. मीसुद्धा. काकांनी केबल काढली, डोळे मिटून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून नेली. "तार खरी हाय," म्हणाले. तरी साहेबांच्या सांगण्यावरून मंगळवारी पुन्हा झाळली, बुधवारी पुन्हा झाळली. गुरुवारी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "दौलत, तुम्हाला एक तार जमत नाही. मी तुम्हाला कायम कशाच्या बळावर करू?"

काका हातातल्या केबलचा पिवळा धागा तेवढा नीट करत राहिले. साहेब काही वाईट माणूस नव्हते. वरून त्यांनाही कुणीतरी रोज फोनवर विचारत होतं. पण त्या दिवशी काकांचा चहा बशीतच निवला, ते मी पाहिलं.

शुक्रवारी दुपारी सगळे डबे खायला गेले होते. काकांनी मला हाक मारली. ते काचेच्या खोलीत मशीनच्या पाठीमागे बसले होते, साबणाची डबी केबलच्या मध्ये जोडलेली, आणि उंदीर तिथेच मांडीवर ओढून घेतलेला.

"बस माय. काई इचारू नको. नुसतं पाय."

मी बसले. त्यांनी उंदीर मांडीवर सरकवला. डबीवरचा एक दिवा लुकलुकला. त्याच्या पाठोपाठ दुसरा. त्यांनी हात थांबवला, दोन्ही विझले. पुन्हा सरकवला: पहिला, मग दुसरा. असं किती वेळा केलं कोण जाणे. मी विचारायला तोंड उघडलं की ते मान हलवायचे.

मग म्हणाले, "हा पह्यला दिवा उंदराचा. तो बोलला का लागते. हा दुसरा कोनाचा?"

"मशीनचा."

"म्हंजे उंदीर बोलला का मशीन त्याले उत्तर देऊन राहिली. काहून? उंदराले उत्तराचं काय काम माय? त्याले नुसतं कोनी आयकणारं पायजे."

मी उठून बाहेरच्या टर्मिनलवर बसले आणि यादी उघडली. पिवळ्या धाग्याचा पोर्ट यादीत होता. चौकीदार तिथेच बसलेला होता. उंदीर जे सांगत होता त्यातलं निम्मं नकाशाच्या प्रोग्रामला मिळायचं आणि निम्मं हा मध्येच ओढून घ्यायचा, आणि नाव काय म्हणून उलट विचारायचा. उंदराला नाव नसतं. तो पुन्हा सरकायचा, हा पुन्हा विचारायचा. विचारून विचारून थकला की मशीन त्याला पाच मिनिटं गप्प बसवायचं, तेवढी पाच मिनिटं बाण शहाण्यासारखा चालायचा. मग परत तेच. पाच दिवस हे चाललं होतं आणि कनेक्शनमध्ये काहीही सैल नव्हतं.

मी ती ओळ खोडली. काकांनी उंदीर सरकवला. दुसरा दिवा लागला नाही. पडद्यावर बाण गेला, आला, गोल फिरला. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं तेव्हा काका पहिल्यांदा हसले. "अरे बिचारा," म्हणाले. "तो हात हालवून हालवून सांगून राहिला, अन् हे मावशी त्याले नावच इचारून राहिली."

आणि मग हसू थांबलं, कारण यादी कुणाची ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"काका, मी सांगते साहेबांना," मी म्हटलं.

त्यांनी डबी पुसली, दिवे वर करून झाकण लावलं. "होते असं माय. याद राह्यली नसन." मग थोड्या वेळानं म्हणाले, "जमन तवा सांगजो."

साहेब जेवून आले. बाण फिरताना बघून त्यांचा चेहरा खुलला. "अरे वा. काय होतं शेवटी?"

मी तोंड उघडलं. "आता नीट आहे सर," एवढंच बाहेर आलं.

"म्हणजे तारच होती," साहेब म्हणाले. त्यांनी ते मला विचारलंही नव्हतं, स्वतःशीच म्हटलं होतं. मी एक वाक्य बोलायला हवं होतं. पोर्ट मी बंद करायला विसरले होते. काका दारात उभे होते, डबी हातात. ते बोलू शकले असते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मला अवघड होईल म्हणून. साहेब गेले, काकांनी चपला घातल्या, आणि ती दुपार संपली.

मी स्वतःला सांगत राहिले, सोमवारी सांगू. सोमवारी साहेब घाईत होते. पुढच्या आठवड्यात माझ्याच मुदतीचा कागद त्यांच्यासमोर होता, तेव्हा तर शक्यच नव्हतं. बायकांना मशीनवर घेऊ नका असं म्हणणारे दोघे-तिघे ऑफिसात होते, त्यांच्या हातात कोलीत कशाला द्यायचं, असाही एक विचार मी करून ठेवला होता. कारणं काय, मागितली तेवढी मिळतात. काकांचा कागद सहीविना परत गेला. दोन महिन्यांनी तारांचं काम बाहेरच्या एका ठेकेदाराला दिलं आणि काकांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

शेवटच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. रंगीत धाग्यांची चार रिळं माझ्यासमोर ठेवली. "हे ठेव. नवा मानूस येईन तं त्याले रंग समजावून देजो," म्हणाले आणि एकेक रंग सांगत गेले, हिरवा कुठून कुठे, निळा कुठून कुठे. मी लिहून घेत होते, म्हणजे मान खाली घालायला कारण होतं. मी सांगितलं की नाही, हे त्यांनी विचारलं नाही. "येतो माय," म्हणाले आणि मावशीलाही काचेबाहेरून हात करून गेले.

मी कायम झाले. ऑफिसात पेढे वाटले. चहावाल्या गणपतनं एक पेढा कागदात गुंडाळून खिशात टाकला, "काकाले देईन" म्हणून. तो तांडापेठेतच राहायचा.

दीडेक वर्षानं तोच म्हणाला, "म्याडम, धागेकाकाले लकवा मारला. दोन महिने झाले. बोलता येत नाई."

त्या रविवारी मी गेले. बोळातलं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत जमिनीचा एक चौकोन बाकीच्यापेक्षा गुळगुळीत, सिमेंटचा, आणि बरोबर त्यावर काकांची खाट. उजवं अंग गेलं होतं. डावा हात तेवढा चादरीवर हलत होता, बाजूला सरकायचा, दोन बोटं खाटेच्या कडेवर दाबायची, परत जागेवर. काकू वखारीतून नुकत्या आल्या होत्या, पदराला गवताच्या काड्या तशाच.

"दिसभर असंच करतेत," काकू म्हणाल्या. "पानी देल्लं तं पीत नाई. पेज देल्ली तं तोंड फिरवतेत. काय पायजे काय पायजे, इचारून इचारून थकली मी. लोकं येतेत, ओळखलं का म्हनतेत, माहं नाव सांगा म्हनतेत. हे कुठून सांगतीन?"

मी खाटेपाशी वाकले आणि विचारलं, "काका, ओळखलंत का मला?"

काकू चहा ठेवायला आत गेल्या. हात सरकला, बोटं दाबली गेली. मला वाटलं, हे मला उत्तर आहे. मी भराभर बोलून टाकलं. केबल बरोबर होती काका. चूक माझी होती. साहेबांना मी अजून सांगितलेलं नाही. मला माफ कराल का? हात पुन्हा सरकला. हो का काका? नाही का? मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना माझाच आवाज मला ऐकू आला, आणि ती साबणाची डबी आठवली. तो सरकायचा, मी विचारायची. उंदराचंही पाच दिवस हेच तर चाललं होतं.

मी गप्प झाले. भिंतीला टेकून खाली बसले आणि नुसती बघत राहिले.

काकू चहा घेऊन आल्या, खाटेवर टेकल्या. हात थांबला. बशी द्यायला उठल्या, हात सरकला, बोटं दाबली गेली. "काय पायजे जी?" म्हणत त्या पाणी आणायला वळल्या, हात आणखी जोरात सरकला. परत येऊन क्षणभर बसल्या, हात शांत. शेजारीण डोकावली म्हणून उठल्या, हात चालू. बोटं दाबत होती ती जागा खाटेच्या कडेला होती, काकू टेकल्या होत्या तीच.

"काकू," मी म्हटलं, "जरा बसा बरं इथे. काही विचारू नका."

त्या बसल्या. हात थांबला.

"आता उठा."

त्या उठल्या. हात सरकला.

"पुन्हा बसा."

असं तीन वेळा करवून घेतलं. त्या बाईला मी वेडी वाटले असणार. मग मी सांगितलं, "काकू, त्यांना पाणी नको, पेज नको. तुम्ही बसायला हव्या आहात. बाकी काही नको आहे."

काकू खाटेच्या कडेवर होत्या तशाच राहिल्या. "मले बसून कसं चालन बाई," त्या म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. काकांचा हात त्यांच्या लुगड्याशेजारी चादरीवर पडून होता, अगदी स्वस्थ. माझा चहा निवला. माझ्या माफीचं कुणी काही म्हटलं नव्हतं. तो हात माझ्याशी बोलतच नव्हता, एकदाही नाही. मला ते सहन झालं नाही आणि तरी बरंही वाटलं. मी हळूच चपला घालून निघाले.

काका गेल्याचं गणपतनंच सांगितलं. मी गेले तेव्हा खाट उचललेली होती आणि सिमेंटचा तो चौकोन उघडा होता. काकू भिंतीशी बसल्या होत्या. रडून झालेलं होतं.

"अकरा दिवस बसली मी," त्या म्हणाल्या. "तुमी गेल्या त्या दिवसापासून. वखारीत सांगून देल्लं, येत नाई म्हनून. हात नाई हालला मंग. एकदाबी नाई हालला." पदरानं तोंड पुसून त्या म्हणाल्या, "तुमच्या हापिसात कायम झाले असते तं तवाच बसली असती मी. कायम झालो का तुले बसवतो, रोज म्हनत होते. काय झालं का मालूम, नाई केलं त्याइनं."

त्यांना सांगायला मी तोंड उघडलं आणि साहेबांसमोर झालं होतं तेच पुन्हा झालं. मी त्यांचा हात धरून बसले, त्यांनी माझी पाठ थोपटली. त्यांना वाटलं मी काकांसाठी रडते आहे. ते खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं.

तिथून मी थेट ऑफिसात गेले. साहेब सह्या करत होते. मी दारातूनच म्हटलं, "सर, पोर्ट मी बंद करायला विसरले होते. केबल बरोबर होती."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठली केबल?"

मी सांगितलं. उंदराची, पिवळ्या धाग्याची, दौलत पराते यांनी केलेली. साहेब थोडा वेळ आठवायचा प्रयत्न करत होते, मनापासून करत होते. "अच्छा, अच्छा," म्हणाले. "आता चालतंय ना पण?"

"हो सर," मी म्हटलं. "पहिल्यापासून चालत होती."

त्यांनी मान हलवली, पेन उचललं आणि पुढच्या कागदावर सही केली.